एकतिसावी नोंद

माझ्या बारशाच्या फोटोत पाळण्याच्या कडेला एक पट्टी ठेवलेली आहे. लाकडी, काळी-पांढरी, एकेक पट्टा बरोबर एक सेंटिमीटरचा. फोटो अर्थातच बाबांनी काढला. ते पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन होते. उत्खननात निघालेली खापरं, मणी, चुली, जुन्या भिंतींचे पाये, सगळं मोजून कागदावर उतरवायचं हे त्यांचं काम, आणि शेजारी पट्टी नसलेला फोटो त्यांच्या लेखी फोटोच नव्हता. "केवढं होतं ते नंतर कळणार कसं?" असं ते विचारत. त्यामुळे आमच्या आल्बममध्ये भावाची पहिली सायकल आहे आणि पट्टी आहे, आईचा नवा मिक्सर आहे आणि पट्टी आहे, माझ्या लग्नातलं रुखवत आहे आणि चकल्यांच्या ताटाला टेकवून पट्टी आहे. नातेवाईक हसायचे. भाऊ म्हणायचा, "बाबांना वाटतं आपल्यालाही खड्ड्यातूनच काढलंय."

पट्टीच्या जोडीला एक पत्र्याचा बाण असे. तो उत्तरेकडे टोक करून ठेवायचा, म्हणजे फोटो बघणाऱ्याला दिशा कळते. नाताळच्या सुट्टीत ते मला उत्खननाच्या कॅम्पवर न्यायचे. तिथे तंबूबाहेर उन्हात उभं करून त्यांनी मला शिकवलं होतं, "होकायंत्र नसलं तरी अडायचं नाही. भर दुपारी सावली पडेल ती उत्तर." आठव्या वर्षी शिकलेलं माणूस विसरत नाही. पुढे तेच माझ्या अंगाशी आलं.

मी ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा आईने बॅगेत मेतकूट, गोडा मसाला, लोणचं असं सगळं ठासून भरलं आणि बाबांनी सगळ्यांत वर एक नवी पट्टी आणि नवा बाण ठेवला, दोन्ही स्वतः रंगवलेले. कालगुर्लीच्या घरात ती जोडी जादा किल्ल्यांच्या खणात अकरा वर्षं पडून राहिली. कालगुर्ली हे सोन्याच्या खाणींचं गाव, पर्थपासून गाडीने सहा-सात तास आत. नवरा आणि मी दोघंही खाणीत इंजिनियर. तिथे उत्तर कुठे आहे हे कॉम्प्युटर सांगतो.

मग साथ आली. आई आदल्याच वर्षी गेली होती आणि बाबा पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटे होते. दर डिसेंबरला आम्ही जायचो ते बंद झालं. देशाबाहेर पडायला परवानगी लागे, परत यायचं तर त्याहून मोठं दिव्य, आणि आमच्या राज्याने तर शेजारच्या राज्यांनाही दार लावून घेतलेलं. आतल्या आत मात्र आम्ही मोकळे होतो. भाऊ पुण्यातच, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला. तो डबा खाली वॉचमनकडे ठेवून जायचा. बाबा कधी कुरकुर करत नसत, पण एका रविवारी फोनवर म्हणाले, "आज फडताळातल्या वाट्यांची चित्रं काढली. सहा आहेत. एकीचा काठ चेपलाय." फोन ठेवला आणि किल्ल्यांचा खण उपसून मी पट्टी बाहेर काढली.

कालगुर्लीच्या भोवती दूरवर मेलेली गावं पसरलेली आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे सोनं लागलं, बघता बघता गाव उठलं, हॉटेलं, बेकरी, शाळा, रेल्वे, सगळं आलं. सोनं संपलं तशी माणसं गेली, जाताना छपराचे पत्रेसुद्धा सोडवून घेऊन गेली. आता लाल माती, ठेंगणी झुडपं, एखादी विटांची भट्टी आणि सरकारने लावलेली ऐतिहासिक स्थळाची पाटी. मी दर रविवारी मुलीला गाडीत घालून अशा एका जागी जायचं, पट्टी आणि बाण ठेवून फोटो काढायचे, मापं घ्यायची आणि बाबांना पाठवायची, असं आमचं ठरलं. बाबांनी एक लांबट नोंदवही आणवली, तिच्यात रकाने आखले: क्रमांक, जागा, दिशा, माप, वर्णन, आणि सगळ्यांत शेवटी 'तपासलं'. त्याखाली त्यांची आखूड सही.

पहिला फोटो मी पाठवला एका रेल्वे प्लॅटफॉर्मचा. रूळ गेलेले, नुसता दगडी कट्टा रानात उभा. दहा मिनिटांत फोन आला.

"बाण उलटा ठेवलायस."

"नाही हो बाबा, फोनमधलं होकायंत्र बघून ठेवलाय."

"फोटो दुपारचा ना? मग सावली उत्तरेला पडायला हवी. तुझी दक्षिणेला पडलीय."

अकरा वर्षं मी ह्या देशात, इंजिनियर म्हणवून घेते, आणि माझी स्वतःची सावली कुठे पडते ते मी कधी पाहिलं नव्हतं. तिकडून बाबा हसायला लागले. आई गेल्यानंतर इतकं हसलेले मी ऐकले नव्हते. "अगं, तुमचा सूर्य उत्तरेकडून जातो! पुस्तकात वाचलं होतं, पण बघितलं आज." त्यांनी नोंदवहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं: इकडे भर दुपारी सावली दक्षिणेला. खाली दोन रेघा मारल्या आणि पान कॅमेऱ्यासमोर धरून मला दाखवलं.

नव्याचे नऊ दिवस होतील असं मला वाटलं होतं, झाले नाहीत. पुण्याच्या एका आत्याने ग्रुपवर टोमणा मारला, सव्वाशे वर्षांचा कसला इतिहास, आमच्या बोळातला हौद त्याहून जुना आहे. बाबांनी तिला उत्तर दिलं, किती जुनं ते विचारू नकोस, कोण राहत होतं ते विचार. आणि खरंच ते तेवढंच विचारायचे. एका दफनभूमीत मी गेले, तिथे ओळीने विशी-पंचविशीची मुलं पुरलेली होती, टायफॉइडच्या साथीत गेलेली. दगडांवर लिहिलेलं, मित्रांनी उभारला. मी फोटो पाठवले. बाबांनी मापं नीट उतरवली आणि मग म्हणाले, "ह्यांच्या घरी कधी कळलं असेल गं? बोटीने पत्र जायचं. आई तोवर स्वेटर विणत बसली असेल." मी म्हटलं, बाबा, आता फोन आहेत. "हो," ते म्हणाले, "आता लगेच कळतं."

एकदा उंटवाल्यांच्या कबरी सापडल्या. इथे त्यांना सरसकट अफगाण म्हणत, पण त्यातले कितीतरी पंजाब-सिंधकडचे. त्या कबरी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या दिशेने होत्या. मक्का कुठे, कबर कशी आखली असेल, होकायंत्र त्यांच्याकडे असेल का, ह्यावर बाबांनी मला दोन रविवार छळलं. बाण नीट ठेव, बाण नीट ठेव. मी चिडले आणि तीनदा बाण लावून पाहिला. त्यांनी नोंदीत लिहिलं, दिशा तीनदा पाहिली.

पण ज्या गावाची ही गोष्ट आहे त्याचं नाव मी लिहिणार नाही. बाबांचा नियमच होता, जागेचा पत्ता छापायचा नाही, लोक जाऊन उचलून आणतात. ते गाव घरापासून अडीच तासांवर. तिथे एकच घर अजून नांदतं आहे, एका म्हातारीचं. नवरा रेल्वेत होता, तो गेला, ती राहिली. दफनभूमीची कुंपणं तीच रंगवते, पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या वस्तू मांडून ठेवते आणि येणाऱ्याला चहा देते. मी तिला विचारलं होतं, जवळ कुठे खडकातली जुनी पाण्याची कुंडं आहेत म्हणतात, इथल्या मूळच्या लोकांनी दगडी झाकणं घालून जपलेली, ती बघता येतील का. येणाऱ्या प्रत्येकाला ती 'लव' म्हणते, आपल्याकडे 'बाळा' म्हणतात तसं. म्हणाली, "ती सांगायचा हक्क माझा नाही, लव. ज्यांची ती भूमी आहे त्यांना विचार." मला वाटलं बाबा हिरमुसतील. ते म्हणाले, "बरोबर बोलली बाई." त्यांनी ते पान कोरं सोडलं आणि कडेला लिहिलं, विचारलेलं नाही म्हणून पाहिलेलं नाही. मी म्हटलं, कशाला पान वाया घालवता. तर म्हणे, "कोरं सोडणं हीसुद्धा नोंदच असते. फक्त कारण लिहायचं."

आता माझी करणी सांगते. बाबांची पंचाहत्तरी मार्चमध्ये येत होती. पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं आम्ही आईच्या वेळेपासून ठरवलं होतं, ते राहिलंच. ऑनलाइन केक पाठवणं मला कोरडं वाटत होतं. त्या गावात बेकरीची विटांची भट्टी अजून उभी आहे. तिच्या मागे मातीत एक निळं-पांढरं खापर अर्धं वर आलेलं दिसलं, बशीचा तुकडा, त्याच्यावर कुठल्याशा पक्ष्याचा एक पंख. एवढंच. बाकी पक्षी नव्हता. जन्मभर खापरं काढलेल्या माणसाला ह्याहून चांगलं काय द्यायचं, असं मला वाटलं आणि मी ते नखाने उकरून काढलं.

मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. ती मराठी समजते, बोलायला लावलं की कंटाळते. "मम, बोर्ड बघ ना. डोंट टेक एनिथिंग लिहिलंय." मी म्हटलं, एवढ्याशा तुकड्याने काय होतं. तिने फोन काढून मी वाकलेली असतानाच माझा फोटो घेतला आणि म्हणाली, "आजोबांसाठी. एव्हिडन्स." आम्ही दोघी हसलो. मी तुकडा रुमालात बांधला. उचलण्याआधी फोटो काढला नाही, पट्टी ठेवली नाही, काही नाही. ज्या मुलीच्या बारशाला पट्टी होती तिने हे केलं.

वाढदिवसाला व्हिडिओवर मी तो तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला. "बाबा, तुमची भेट. टपाल सुरळीत झालं की पाठवते." मला त्यांचा चेहरा अजून दिसतो. आधी त्यांनी चष्मा वर करून बघितलं, ड्राफ्ट्समनच्या सवयीने, पंख बघून डोळे चमकले सुद्धा. मग विचारलं, "हे कुठून उचललंस?"

मी सांगितलं.

"परत ठेव."

"बाबा, अहो, रानात पडलं होतं. कोणी विचारत नाही तिथे."

"मी विचारतोय ना. जागेवर होतं तोवर ते सांगत होतं की इथे कोणीतरी बशीत जेवत होतं. तुझ्या रुमालात ते नुसतं खापर आहे. जिथून काढलंस तिथे परत ठेव आणि फोटो पाठव." आणि केक न कापताच त्यांनी फोन ठेवला. भाऊ तिकडे केक घेऊन बसलेला, त्याने मला मेसेज केला, "ताई, तूही ना."

मला राग आला होता, लपवून काय उपयोग. वाटलं, एवढं प्रेमाने दिलं तर ह्या माणसाला नियम सुचतात. दुसऱ्या दिवशी राग गेला, पण वेळ मिळेना. बाहेरच्या राज्यांतून खाणीत येणारे लोक बंद झाले होते आणि त्यांच्या शिफ्टा आमच्यावर पडत होत्या. रविवारीसुद्धा कामावर बोलावत. अडीच तास जायचं, अडीच तास यायचं. बाबा पुढच्या रविवारी म्हणाले, "ठेवलंस?" मी म्हटलं, जाते. त्याच्या पुढच्या रविवारी, "ठेवलंस?" मी म्हटलं, शिफ्ट आहे हो बाबा, जाते. तिसऱ्या रविवारी मी म्हटलं, "हो. ठेवलं."

"फोटो?"

"पाठवते आज."

फोन ठेवून मी मागच्या अंगणात गेले. कालगुर्लीची माती लाल, तिथलीही लाल. गवत नसलेला एक कोपरा बघून बोटाने खळगा केला, तुकडा अर्धा पुरला, शेजारी पट्टी ठेवली. भर दुपार होती. नवरा आतून जेवायला हाक मारत होता. सावलीच्या रेषेत पटकन बाण ठेवला, फोटो काढला आणि पाठवला. तुकडा धुऊन किल्ल्यांच्या खणात टाकला. वाढलेलं ताट समोर आलं तेव्हा हातांना माती होती आणि मी ती साबणाने खसखसून धुतली.

एरवी दहा मिनिटांत फोन यायचा. त्या दिवशी नुसता मेसेज आला, "मिळाला." चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं, दिवसभर फोन पालथा घालून ठेवला. पण पुढच्या रविवारी ते नेहमीसारखे बोलले. गुडघा, डबा, लस. त्या तुकड्याचा विषय काढला नाही. सुटले, असं मला वाटलं. ठेवताना मात्र म्हणाले, "जमलं तर त्या गावी आणखी एकदा जाऊन ये. भट्टीची मापं अपुरी राहिलीत." मी म्हटलं, रोस्टर बघून सांगते.

पुण्यात तोवर दुसरी लाट सुरू झाली होती. बाबांना ताप आला. दोन दिवसांनी धाप लागली. भावाने बेडसाठी शहर पालथं घातलं, शेवटी एका ठिकाणी जागा मिळाली. त्याच आठवड्यात इकडची भारताची विमानं थांबली. मी परवानगीचे फॉर्म भरत बसले होते, अर्धवट भरलेला फॉर्म अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. मुलगी शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "इज ही गोइंग टु बी ओके?" मी तिच्यावर ओरडले. तिने काय केलं होतं.

वॉर्डातल्या सिस्टरने एकदा व्हिडिओ लावून दिला. तिचा चेहरा झाकलेला, बाबांच्या तोंडावर मास्क, बोटाला ती चिमट्यासारखी वस्तू. दोन मिनिटं मिळतील असं तिने सांगितलं होतं. मी सगळं ठरवून बसले होते, सरळ सांगून टाकायचं. म्हटलं, "बाबा, त्या तुकड्याचं मी तुम्हाला..."

त्यांनी चिमटा लावलेला हात वर केला. मास्कच्या आतून विचारलं, "जेवलीस?"

"हो."

"जाऊन ये एकदा," ते म्हणाले. "ऊन उतरल्यावर जा."

मला वाटलं ते तापात बरळताहेत. मी म्हटलं, "हो बाबा, जाते." सिस्टरने फोन दुसऱ्या पेशंटकडे नेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मी शिफ्टला होते. आता लगेच कळतं, तसं लगेच कळलं. सुपरवायझर भला माणूस, म्हणाला, "टेक द आर्व्हो ऑफ, मेट." म्हणजे दुपारची सुट्टी घे. मी गाडीत बसले आणि बराच वेळ चावी फिरवली नाही. भावाने विचारलं होतं, स्मशानातून व्हिडिओ लावू का, मी नको म्हटलं. त्या नकोची चीड मला आजही येते. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची चित्रं एकापाठोपाठ एक आली. कोणीतरी त्यांच्यामध्येच भारतीय दुकानात आंबे आलेत का म्हणून विचारलं. मी ग्रुप सोडला.

दोन दिवसांनी भावाने अस्थींचा फोटो पाठवला. मातीचं लहान मडकं, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, कागदी चिठ्ठी चिकटवलेली. आणि शेजारी बाबांची काळी-पांढरी पट्टी. जन्मभर त्या पट्टीची टिंगल करणाऱ्याने ती शोधून तिथे ठेवली होती. खाली लिहिलं होतं, "ताई, केवढं ते तुला कळायला हवं म्हणून." अठरा सेंटिमीटर उंच होतं. एवढा उंच माणूस. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले आणि मुलगी माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, तिला मराठीतही काही सुचेना आणि इंग्रजीतही.

पट्टीसाठी त्याने खण उघडला तेव्हा त्याला नोंदवही सापडली होती. संध्याकाळी त्याने शेवटच्या पानाचा फोटो पाठवला आणि विचारलं, "ह्याचा अर्थ काय गं?"

एकतिसावी नोंद होती. जागेच्या रकान्यात गावाचं नाव, बेकरीच्या भट्टीमागे. वर्णनाच्या रकान्यात माझ्या तुकड्याचं चित्र, पंखाचं एकेक पीस कोरल्यासारखं बारीक, ठिपक्या-ठिपक्यांनी सावली दिलेली. त्याला दोन दिवस लागले असणार. दिशेचा रकाना कोरा. मापाचा कोरा. 'तपासलं' कोरं. आणि कडेला पेन्सिलने, त्यांच्या सरळ अक्षरात:

"फोटोतला बाण उलटा. भर दुपारी सावली उत्तरेला दाखवते. मुलगी जागेवर बाण चुकत नाही. फोटो घराच्या अंगणातला असावा. प्रत्यक्ष ठेवल्यावर नोंद पुरी करणे."

म्हणजे त्यांना त्याच दिवशी, दहा मिनिटांत कळलं होतं. अकरा वर्षं मी इथे राहिले आणि खोटं बोलायच्या घाईत माझा हात आठ वर्षांच्या मुलीसारखा चालला, पुण्याच्या सावलीने. आणि ते बोलले नाहीत. भट्टीची मापं अपुरी आहेत म्हणाले. ऊन उतरल्यावर जा म्हणाले. खोटं पकडून त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी लिहिलं, चुकत नाही.

भावाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊन ये."

रविवारी आम्ही दोघी गेलो. नवरा येतो म्हणाला, मी नको म्हटलं. म्हातारीला मी दारातच सांगितलं की मी इथून चोरी केली होती आणि परत ठेवायला आले आहे. ती रागावली नाही. आत जाऊन बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली आणि झाकण काढलं. आत काचा, बटणं, चिनी मातीचे तुकडे, खिळे, आणि चिठ्ठ्या. लोक वर्षानुवर्षांनी टपालाने परत पाठवतात, ती म्हणाली, क्षमा मागतात. पण कुठून उचललं ते कोणालाच आठवत नाही, म्हणून सगळं ह्या डब्यात. "हवं तर इथे टाक, लव."

मला भीती वाटली ती तेव्हा. कारण मलाही आठवत नव्हतं. भट्टीमागे गेले तर माती सगळीकडे सारखी, मध्ये दोन पाऊस होऊन गेलेले. मी गुडघ्यांवर बसून चाचपत होते, इथे की तिथे, आणि मला वाटलं हेही आता जमणार नाही, एवढं एक करायचं होतं तेही नाही.

"मम," मुलगी म्हणाली. तिने फोन पुढे केला. एव्हिडन्स. त्या फोटोत मी वाकलेली, हातात तुकडा, बुटाशेजारी उघडा पडलेला खळगा आणि मागे भट्टीची तुटकी वीट, तिच्यावर पांढऱ्या चुन्याचा डाग. तो डाग अजून होता. मुलीने वीट शोधली, माझा बूट होता तिथे स्वतःचा बूट ठेवला आणि म्हणाली, "इथे. बाजूला एक वीत." वीत हा शब्द तिला आजोबांनी शिकवला होता.

मी तुकडा पूर्वीसारखा अर्धा पुरला, पंख वर. पट्टी ठेवली. फोनमधलं होकायंत्र उघडलं, बाण ठेवला, पुन्हा पाहिलं, पुन्हा पाहिलं. ऊन उतरलं होतं. सावल्या लांब झाल्या होत्या. फोटो काढला. मुलीने टेपचं दुसरं टोक धरलं. आम्ही भट्टीपासूनची अंतरं घेतली आणि भट्टीचीही राहिलेली मापं घेतली, कारण ती खरोखरच अपुरी होती.

गावात रेंज नसते. चाळीस किलोमीटर मागे आल्यावर टॉवर लागतो, तिथे गाडी कडेला घेऊन मी भावाला फोन केला. तो नोंदवही उघडून बाबांच्या टेबलाशी बसला होता. मी एकेक आकडा सांगत गेले आणि तो लिहीत गेला. भट्टीच्या नैऋत्य कोपऱ्यापासून एक मीटर चाळीस. तुकडा चार पूर्णांक दोन गुणिले तीन पूर्णांक एक. दिशा, होकायंत्राने, तीनदा पाहिली.

"झालं," तो म्हणाला. "आता 'तपासलं'खाली काय लिहू? मी सही करू की तुझं नाव घालू?"

"कोणाचंच नको. कोरं सोड."

तोही त्याच घरात वाढलेला. "मग कारण लिहावं लागेल, ताई."

मुलगी शेजारच्या सीटवर टेप गुंडाळत होती. मी म्हटलं, "लिही, मुलीने उशीर केला."

त्याने तसंच लिहिलं आणि मला वाचून दाखवलं.